एक गाव, एक वायर

हे तुम्ही केलंत, साहेब. माझ्या तोंडून वदवून घेतलंत, माझ्या ब्रशनं भिंतीवर लिहून घेतलंत, खाली माझी सही घेतलीत. पण केलंत तुम्हीच. तुमचं नाव मला माहीत नाही. तुमची कचेरी तालुक्याची, पुण्याची की त्याच्याही वरची, ते कागदावरून कळू नये अशी तजवीज तुम्ही केलेली आहे. म्हणून नुसतं 'साहेब' म्हणतो. ज्याला टोचेल तो तुम्ही.

मी गोरख पेंटर, राहणार वाकणवाडी. मार्गासनीहून गुंजवण्याकडं वळलं की डोंगराच्या पोटात आमचं गाव. शाळा सातवीत सुटली, पण या पट्ट्यातल्या निम्म्या भिंती माझ्या अक्षरात आहेत. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या पाठी, 'पाणी उकळून प्या', 'घरपट्टी वेळेवर भरा'. गोल गोल बोलणं मला जमत नाही. कुणाला लागलं तर लागू दे.

झालं असं. माझी सून शेफाली घरात बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. दवाखान्याच्या विम्याचे कागद तिच्याकडं येतात. ते खरे की बनावट, हे ती तपासते. माझा मुलगा स्वरूप शिरवळला कारखान्यात, आठवड्याला शिफ्ट बदलते. नात शुभ्रा दोन वर्षांची. माझे रंगाचे डबे ठेवायच्या खोलीत शेफालीनं टेबल टाकलंय. टर्पेंटाइनचा वास अजून गेला नाही, पण काम चाललंय.

त्या खोलीत एक वायर येते. बंडूची वायर. बिलावर कंपनीचं मोठं इंग्रजी नाव असतं, गावात ते कुणी घेत नाही. आधी टीव्हीची केबल बंडूची होती, मग इंटरनेट आलं तेही बंडूचंच. बंद पडली की बंडूला फोन लावायचा आणि बंडूनं म्हणायचं, "वरनंच बंद हाय." डिसेंबरात ती नऊ दिवस वरनंच बंद होती. मोबाईलची रेंज आमच्याकडं देवळाच्या कट्ट्यावर येते, तीही उभं राहिलं तर.

आठ जानेवारीला शेफालीच्या कंपनीचं पत्र आलं. एका लाईनवर आमचा भरवसा नाही. एकतीस जानेवारीच्या आत दुसऱ्या कंपनीची दुसरी लाईन घरात घ्या आणि तिचा कागद दाखवा. नाहीतर दोन फेब्रुवारीपासून पुण्यात ऑफिसला या.

"रोज जाऊन येऊन व्हणार न्हाई का?" माझ्या बायकोनं, चंद्राबाईनं विचारलं.

"आत्या, जायला अडीच तास, यायला तीन. शुभ्रा मला झोपलेलीच दिसेल." शेफाली पोरीच्या तोंडात भात घालत होती, मान वर केली नाही. "एक तर नोकरी सोडायची, नाहीतर पोरीला सोडून तिकडं राहायचं. तिसरं काही नाही."

"तिसरं हाय की," मी म्हणालो. "दुसरी वायर आणायची. येवढ्यासाठी रडतंय कोण?"

"रडत कोणीच नाहीय, आप्पा. आणा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी गाडीला किक मारली आणि भोर गाठलं. तिथं दुसऱ्या एका कंपनीचं ऑफिस आहे. काउंटरवर शुभा नावाची मुलगी. गावाचं नाव सांगितल्यावर तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी तिची चेष्टा करायला आलोय.

"काका, तुमच्या गावाच्या अलीकडं दीड किलोमीटरवर आमची वायर येऊन थांबलीय. वर्ष झालं."

"थांबलीय कशाला? रस्ता चुकली का?"

"तुमचंच गाव नको म्हणतंय. आम्ही दोनदा ना हरकत दाखला मागितला. ग्रामपंचायतीनं तो दिल्याशिवाय गावात एक खांब आम्हाला वापरता येत नाही. दोन्ही वेळेला 'नाही' म्हणून पत्र आलं."

"कोण म्हणलं न्हाई?"

"गाव."

"अगं, गाव म्हंजे मीच की! म्या आज पहिल्यांदा ऐकतोय."

"ठराव आहे म्हणे तुमचा." तिनं आवाज खाली आणला. "काका, दाखला आणा. चार दिवसांत वायर घरात."

परत येताना रस्ताभर मी माणसं तपासत होतो. सरपंच रत्नाताई? तिचा दीर बंडूबरोबर बसतो-उठतो. ग्रामसेवक? नवा आहे, पण नवा माणूस लवकर वाकतो. बंडू तर हायच. गेल्या वर्षी त्यानं चारचाकी घेतली. वायरीच्या धंद्यात चारचाकी येते कशी? गावाच्या नावानं कुणीतरी 'नाही' म्हणतंय आणि गावाला पत्ता नाही. सापडू दे, म्हटलं, चौकात त्याचं नाव रंगवतो.

ग्रामसेवक मानसिंग, त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणतात, ते कपाट लावत होते.

"मी गेल्या जूनमध्ये आलोय हं पेंटर," त्यांनी आधीच हात झटकले. "माझ्यावर काही ढकलू नका."

"दाखला का देत न्हाई तुमी दुसऱ्या कंपनीला?"

"ठराव आहे. ठरावाच्या बाहेर मला जाता येत नाही."

"कुणी मांडला असला गाढवपणाचा ठराव?"

भाऊसाहेबांनी माझ्याकडं बघितलं. मग खिडकीतून समोरच्या भिंतीकडं. मग ग्रामसभेचे ठराव लिहायचं प्रोसिडिंगचं पुस्तक काढलं, पानं उलटली आणि माझ्याकडं फिरवलं. विषय : एक गाव एक वायर. सूचक, म्हणजे ठराव मांडणारा : गोरख पेंटर. अनुमोदक : सोनबा. सूचकापुढं माझी सही. 'ग'ची शेपटी ओढून घ्यायची माझी खोड, ती शेपटीसकट सही.

"आणि भिंतीवरही तुम्हीच रंगवलंय," भाऊसाहेब म्हणाले. "निळ्यात. शेवटचा 'र' जरा वाकडा आलाय, राग मानू नका."

मला खुर्ची दिली त्यांनी. पाणीही दिलं.

आता ते कसं झालं ते ऐका. तुम्हाला माहीत आहे, पण बाकीच्यांसाठी सांगतो.

आमच्या गावात पूर्वी दोन गणपती बसायचे, वरच्या आळीचा आणि खालच्या आळीचा. दरवर्षी मिरवणूक एकमेकांना आडवी जायची आणि दरवर्षी कुणाचं तरी डोकं फुटायचं. ते मिटवून 'एक गाव एक गणपती' करायला मला चार वर्षं लागली. प्रत्येकाच्या दारात जाऊन शिव्या खाल्ल्या. शेवटी झालं, प्रशस्तिपत्र मिळालं, फोटो आला. तेव्हापासून आमच्याकडं 'एक' हा शब्द पवित्र झाला. एक गणपती, एक होळी, एक स्मशान. 'दोन' म्हटलं की म्हाताऱ्यांना काठ्या आठवतात.

हे तुम्ही बरोबर हेरलंत.

सव्वादोन वर्षांपूर्वीची दोन ऑक्टोबरची ग्रामसभा. पांढऱ्या शर्टातला एक माणूस आला होता. 'वरून आलेले साहेब' अशी ओळख झाली. नाव कुणी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. सभेआधी चहाला तो मला शोधत आला.

"पेंटर तुम्हीच का? वा! गणपती एक केलात, लहान काम नाही!" मग त्यानं खांबाकडं बोट केलं. "पण या वायरींचं काय करणार? आज एक आहे. उद्या चार कंपन्या येतील, चार जाळी होतील. गावाची शोभा जाईल."

खरं होतं ते. त्याच ऑगस्टात लोंबणारी वायर सोनबाच्या पेंढ्याच्या टेम्पोत अडकून खांब आडवा झाला होता. ती वायरही बंडूचीच, पण हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. मग सभेत साहेब म्हणाले, "तुमच्या गावाला शोभेल असं एखादं वाक्य कुणाला सुचतंय का?" सगळी सभा माझ्याकडं बघायला लागली. भिंतीवरचं वाक्य म्हटलं की गाव माझ्याकडंच बघतं. माझी छाती फुगली. उभा राहिलो आणि म्हणालो, "एक गाव, एक वायर!"

टाळ्या पडल्या. सोनबा ओरडला, "माझं अनुमोदन!" एका कागदावर सही केली, काय लिहिलंय ते वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी भिंत रंगवली. माझ्या लेखी ते गावाच्या शोभेचं वाक्य होतं, कंपन्या अडवणारा ठराव नव्हे. दोन वर्षं सांगत फिरलो, हे वाक्य माझं, मला उभ्या उभ्या सुचलं.

तर त्या खुर्चीत बसून मी पुस्तक बघत होतो. लाज वाटत होती, म्हणून नजर अक्षरावर. आणि अक्षर बघणं हा माझा धंदा आहे. बाकीचे ठराव हातानं लिहिलेले. हा एकटा छापील. कागद आणून पानावर डिंकानं चिकटवलेला. फक्त सूचक आणि अनुमोदक या दोन जागा पेनानं भरलेल्या. कागदाच्या खालच्या कडेला बारीक अक्षरात जावक क्रमांक आणि तारीख. म्हणजे हा कागद कुठल्या तरी कचेरीतून निघाला त्याची तारीख. कचेरीचा शिक्का पुसट, सही म्हणजे नुसती वाकडी रेघ. पण तारीख स्वच्छ होती.

सव्वीस सप्टेंबर.

मी परत वाचलं. विषय : एक गाव एक वायर. छापलेलं. सव्वीस सप्टेंबरला छापलेलं. आणि मी बोललो दोन ऑक्टोबरला.

"भाऊसाहेब," मी म्हणालो, "जे मला सुचलंच नव्हतं ते सहा दिवस आधी छापलं कुणी?"

त्यांनी चष्मा लावला. बघितलं. चष्मा काढला. "माहितीच्या अधिकारात अर्ज करा," म्हणाले आणि पुस्तक मिटायला गेले. मिटायच्या आत मी मोबाईलमध्ये फोटो घेतला. ते दुसरीकडं बघत राहिले. ते मुद्दाम की चुकून, हे मला अजून कळलं नाही.

त्या आठवड्यात मला बाहेरगावी शाळेच्या कुंपणाचं काम होतं. जाता-येता भिंती बघायची सवय. एका गावात हिरव्या रंगात दिसलं, 'एक गाव एक वायर'. त्याच्या पुढच्या गावात पिवळ्यात. हात वेगळे, वाक्य तेच. हिरव्या भिंतीखाली एक म्हातारबाबा ऊन खात बसले होते.

"बाबा, हे कुणी सुचवलं?"

"आमच्या गावानं!" ते ताठ झाले. "आमच्या मानकऱ्यांनी सभेत उभं राहून सांगितलं. हाय का असलं डोकं तुमच्या गावात?"

मी न्हाई म्हणालो. काय सांगणार होतो?

घरी आलो तर बंडू ओट्यावर चहा पीत बसलेला. बातमी पोचली होती. कुणी पोचवली, ते विचारून उपयोग नव्हता.

"पेंटर, माज्यावर चिडलाय म्हणं? चौकात नाव रंगवणार म्हणं माजं? जरा मोट्या अक्षरात रंगवा, तेवढीच जाहिरात."

"त्या कागदाचं तुला ठावं हुतं का न्हाई, तेवढं बोल."

"मला काय ठावं? मी वायर वडणारा माणूस. वरनं सांगत्यात, मी करतो."

"वर कोण?"

"वर म्हंजे वर." त्यानं बशी खाली ठेवली. "आवो, पर तुमचं काम अडलंय व्हय? मला बोलायचं की! सूनबाईला दुसऱ्या कंपनीचा कागदच पायजे ना? उद्या आणून देतो. नाव येगळं, नंबर येगळा, बिल येगळं. शिक्क्यासकट."

"आन वायर?"

"वायर हीच की. दोन वायरी कशाला? तुमीच तर ठराव केलाय!" आणि हसला. एकटाच हसला, मग थांबला. "खरं सांगतो, लई जणांना दिलेत. कागदावर तुमच्या गावात तीन कंपन्या हायत. पायजे तर वर इचारा."

आता समजलं का, साहेब? उद्या कुणी तुम्हाला विचारलं की त्या डोंगरातल्या लोकांना एकच वायर का, तर तुम्ही यादी काढणार. तीन नावं. लोकांना मोकळी निवड आहे, म्हणणार. आणि तिन्ही नावं एका खांबावरून, एका वायरीतून, एका बंडूच्या घरात जाणार.

मी खोटं बोलणार नाही. मला तो कागद घ्यावा वाटला. नात समोर चिखलात बसून वाटीत माती कालवत होती. एक कागद द्यायचा, एकतीस तारीख टळायची, आई घरात राहायची. मी बंडूला म्हणणार होतो, आण.

शेफाली दारात येऊन उभी होती, कानाला हेडफोन अडकवलेला, एक बाजू मोकळी.

"बंडूभाऊ, मी दिवसभर काय काम करते माहितीये?"

"कंप्युटरचं."

"असले कागद पकडते. नाव वेगळं, दवाखाना वेगळा, शिक्का वेगळा आणि टाईप एकाच मशीनचा. मागच्या महिन्यात एकोणीस पकडले. आणि आता विसावा कागद स्वतःचाच देऊ?" मग माझ्याकडं वळली. "आणि आप्पा, ही वायर तुटली की त्या कागदाची पण तुटणार. डिसेंबरसारखी नऊ दिवस. तेव्हा काय दाखवू?"

बंडू उठला. "बघा बाबा. भल्याचं सांगितलं तर." जाताना त्यानं शुभ्राला टाटा केला. तिनं त्याच्याकडं मातीची वाटी धरली.

राहिली सव्वीस जानेवारीची ग्रामसभा. झेंडावंदन झालं, पोरांना बुंदी वाटली, सभा बसली. मी उठलो.

"वायरीच्या ठरावाचा सूचक मी. माजी सूचना मी मागं घेतो."

कुणीतरी मागून म्हणालं, "पेंटर, गणपती बी मागं घेता का?" हशा झाला. मी थांबलो. हशा संपू दिला. मग तारखा सांगितल्या. सव्वीस सप्टेंबर आणि दोन ऑक्टोबर. मोबाईलवरचा फोटो हातोहात फिरला. हिरव्या भिंतीचं सांगितलं, पिवळ्या भिंतीचं सांगितलं, कागदावरच्या तीन कंपन्यांचं सांगितलं. हसणाऱ्यांतल्या दोन-चार जणांनी खिशातली बिलं नाहीतर मोबाईल काढून कंपनीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा वाचलं.

"गणपती एक ठेवा," मी म्हणालो. "भांडणं नगं म्हणून एक केला. हितं मातुर भांडायलाच कुणी ठेवलं न्हाई. नऊ दिवस वायर बंद पडली तर भांडणार कुणाशी? बंडूशी भांडून जाणार कुठं?"

सोनबा उठला. "म्या अनुमोदन दिलं ते टेम्पोच्या रागानं. आन ह्यो उठला म्हणून. ह्यो बसला, मी बी बसतो." आणि खरंच खाली बसला. तेव्हा मात्र सगळे हसले आणि हात वर झाले. रत्नाताईंनी मोजले. चार सोडून सगळे. तिचा दीर त्या चारात होता. तिनं त्याच्याकडं बघितलं नाही.

"भाऊसाहेब, ठराव रद्द लिवा," ती म्हणाली. "आन त्या कंपनीचा दाखला काढा. सही करते मी आत्ता."

भाऊसाहेब पेन हातात घेऊन बसून राहिले.

"ताई, ठराव रद्द झालेला लिहितो. पण दाखल्याचं वर मार्गदर्शन मागवावं लागेल."

"कशाला? गावाचा ठराव, गावानं मोडला."

"वरून फोन आला होता," भाऊसाहेब हळू म्हणाले. "विषय निघाला तर परस्पर दाखला देऊ नका, म्हणून."

"कधी आला फोन?" मी विचारलं.

"सकाळी. झेंडावंदनाच्या आधी."

सभेत काय बोलणार ते मी घरात बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. शेफालीला नव्हतं. सोनबाला नव्हतं. तरी तुम्हाला आधी माहीत. एकदा मी बोलायच्या आधी तुम्ही छापलंत, एकदा मी बोलायच्या आधी फोन केलात. तेव्हापासून मी माणसांकडं नीट बघू शकत नाही. चहा देणारा चांगला वाटत नाही, विचारपूस करणारा चांगला वाटत नाही. भाऊसाहेब घाबरलेत की मिळालेत, कळत नाही. रत्नाताईनं मनापासून हात मोजले की दाखवायला मोजले, कळत नाही. हेही तुम्हीच केलंत. चार वर्षं घालवून जोडलेलं गाव मला परत आळी-आळीनं दिसायला लागलंय.

आज एकोणतीस तारीख. शेफालीनं कपाटावरची बॅग खाली घेतलीय. पुण्यात धायरीला एका मैत्रिणीच्या खोलीत जागा बघितलीय. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही. काल मात्र शुभ्राचे कपडे घडी घालून वेगळे ठेवताना चंद्राबाईला समजावत होती, कुठला स्वेटर कशावर घालायचा, रात्री कुठल्या कुशीवर झोपते. तिकडं दीड किलोमीटरवर त्या दुसऱ्या कंपनीची वायर खांबाला गुंडाळून ठेवलीय. आज सकाळी जाऊन हात लावून आलो. भोरच्या शुभानं फोनवर सांगितलंय, सकाळी दाखला दिलात तर माणसं लावून संध्याकाळपर्यंत घरात आणते. "काका, तुमच्यासाठी चार दिवसांचं एका दिवसात करू," म्हणाली.

म्हणजे साहेब, तुमच्याकडं उद्याची सकाळ आहे.

मार्गदर्शन नको. फोन नको. भाऊसाहेबांच्या कानात काही सांगू नका, बंडूकडून निरोप धाडू नका. कागदावर लिहा. माझं वाक्य माझ्याआधी तुम्हाला कुणी सांगितलं? कुणासाठी छापलंत? आणि वाकणवाडीचा दाखला उद्या सकाळी देताय की नाही? खाली सही करा, वाचता येईल अशी. बोला, साहेब. देताय की नाही?